लिनक्सवर भजन रेकॉर्ड करायचंय, दहा-बारा हजारांत कुठला ऑडिओ इंटरफेस घेऊ?

खानापूरचा पाऊस | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. आमच्या भजनी मंडळात बारा-तेरा माणसं, एक पेटी, एक पखवाज, बाकी टाळ. दोघे गवई सत्तरीच्या पुढचे. शिवाय शेजारच्या गावात एक आजी आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी म्हणतात, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडमध्ये, आणि चौंडकं स्वतःच वाजवतात. हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवायचंय.

मोबाइलवर करून बघितलं. पखवाजाची थाप पडली की मोबाइल सगळाच आवाज दाबून टाकतो, आणि आजी हळू गायला लागल्या की पंखा मोठ्याने ऐकू येतो.

लॅपटॉप २०१३ चा, रॅम आठ जीबी. विंडोज रडत होतं म्हणून उबंटू स्टुडिओ नावाचं लिनक्स टाकलं, आता बरा चालतोय. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटी येतं, आर्डर शिकतोय. इंटरफेसला, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायच्या डब्याला, दहा-बारा हजार, त्याच्या वर घरात विषय काढता येणार नाही. माइक मंडपवाल्याचे मिळतील. बेळगावात दुकानात विचारलं तर मालक म्हणाले, "बॉक्सवर विंडोज आणि मॅक लिहिलंय, तुमचं ते काय ते तुम्ही बघा." खरं बोलला माणूस. म्हणून इथं आलोय.

निपाणीची तलफ | रात्री ९:५२

फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू. धागा बंद करा.

वडगावची वीणा | रात्री १०:०५

बजेट वाचलंस का रे?

निपाणीची तलफ | रात्री १०:०७

वाचलं की. थोडं थांबायचं, साठवायचं, एकदाच घ्यायचं.

वडगावची वीणा | रात्री १०:११

गवई सत्तरीच्या पुढचे आहेत. थांबायला वेळ आहे का त्यांना?

चिकोडी ते बेंगळूर | रात्री ११:३०

पाऊसराव, कंपनीच्या नावावरून सुरुवात करू नका. लिनक्सवर पहिला प्रश्न एकच: यंत्र क्लास कंप्लायंट आहे का. यूएसबी ऑडिओची एक ठरलेली बोली आहे. त्या बोलीत बोलणाऱ्या इंटरफेसला कंपनीचा ड्रायव्हर लागतच नाही. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अल्सा या आवाज-व्यवस्थेचा यूएसबी ड्रायव्हर आधीपासून बसलेला आहे, केबल खोचली की ओळखतो.

दुकानात हे ओळखायची युक्ती सांगतो. लिनक्सचं नाव काढू नका. "आयपॅडला चालतो का?" असं विचारा. आयपॅडवर बाहेरचा ड्रायव्हर सहसा टाकता येत नाही, त्यामुळे जे तिथं नुसतं खोचून चालतं ते बहुतेक वेळा आपल्याकडेही चालतं. दुकानदारालाही हा प्रश्न कळतो.

दुसरा प्रश्न लोक विसरतात. इंटरफेसवरची बटणं खरी आहेत का, की निम्मी कामं कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून करायची आहेत? आवाज येईल, खरं फँटम (माइकला वीज) किंवा पॅड (फार मोठा आवाज कमी करणारं बटण) चालू करायला विंडोजच लागणार असेल तर उपयोग काय? स्कार्लेटच्या मोठ्या मॉडेलांची हीच अडचण होती. जेफ्री बेनेट नावाच्या प्रोग्रॅमरने त्यांच्यासाठी कर्नलमध्ये मिक्सरचा ड्रायव्हर लिहिला आणि वर खिडकीवालं एक ॲपही केलं, म्हणून आज स्कार्लेट लिनक्सवर इतके सोयीचे झालेत. तिसऱ्या पिढीचा असेल तर कर्नल ६.७ पासून काही न करता चालतो, चौथ्या पिढीच्या छोट्या मॉडेलांना ६.८ हवा. जुन्या कर्नलवर चौथ्या पिढीचा डबा आणून शिव्या घालणारे मी दोन बघितलेत. त्यातला एक मीच.

तुमच्या बजेटात मी बेहरिंजरचा यूएमसी २०२ एचडी बघेन. दोन माइक, चोवीस बिट, फँटमचा खटका मागच्या बाजूला, पॅडचं बटण प्रत्येक चॅनेलला वेगळं. सगळी बटणं हाताने दाबायची. सॉफ्टवेअर शून्य.

निपाणीची तलफ | रात्री ११:४१

मी म्हणालो तेच झालं. स्कार्लेट सोयीचा.

कागवाड फाटा | रविवार, सकाळी ७:१५

मी सतार वाजवतो. तारा-जवारीची कामं मिरजेत, रेकॉर्डिंग घरी. माझ्याकडे एक जुना फायरवायरचा आठ माइकांचा इंटरफेस आहे, पुण्यातल्या एका स्टुडिओने काढून टाकला तेव्हा मातीमोल भावात मिळाला. लिनक्सवर अजून चालतो, विंडोजवाल्यांनी कधीच टाकून दिला. आठ माइक म्हणजे मंडळ आरामात बसेल.

चिकोडी ते बेंगळूर | सकाळी ९:०२

कागवाडकर, तुमच्याकडे फायरवायरचं सॉकेट असलेला कॉम्प्युटर आहे म्हणून. २०१३ च्या साध्या लॅपटॉपला ते नसणार. मग कार्ड, ॲडॅप्टर, केबल, आणि एक दिवस सगळं असून आवाज नाही. पोराला त्या खड्ड्यात ढकलू नका.

कागवाड फाटा | सकाळी ९:२०

हे मान्य. माझीही केबल शोधण्यात एक उन्हाळा गेला होता.

वडगावची वीणा | सकाळी १०:३०

मी गाण्याच्या शिकवण्या घेते. यूएमसी २२ वापरते, तीन वर्षं झाली. छोटा डबा, लिनक्स मिंटवर पहिल्या दिवसापासून चालतो. खरं त्यात माइक एकच लागतो. दुसरं भोक गिटारसाठी आहे, ते दुकानात कुणी सांगत नाही. आणि तो सोळा बिटवर थांबतो. माझ्या एकटीच्या आवाजाला पुरतं. तुझ्या मंडळात मात्र विठ्ठलाचा गजर सुरू झाला की आवाज कुठल्या कुठे जातो. चोवीस बिट असेल तर लेव्हल खाली ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं, नंतर वर उचललं तरी खरखर येत नाही. सोळात तेवढी ऐसपैस जागा नसते.

निपाणीची तलफ | सकाळी १०:४४

आणि यूएमसी २२ ला ९६, १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे तेवढे हजार नमुने) काहीच नाही. १९२ नसेल तर ते खेळणं.

जुना रेडिओ | दुपारी १२:१०

निपाणीकर, तुमचं वय काय? माणसाचा कान लहानपणी वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, पुढे दरवर्षी खालीच येतो. ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं की चोवीस हजारांच्या जवळपर्यंतचं सगळं त्यात मावतं. १९२ ने वटवाघळांची भजनं टिपायची आहेत का?

डिस्कचा हिशेब करा. ४८ ला, चोवीस बिट, दोन चॅनेल, म्हणजे मिनिटाला सतरा एमबी आणि थोडं वर. तासाला साधारण एक जीबी. १९२ ला त्याच्या चौपट. खानापूरच्या पोराचं इंटरनेट आणि जुनी हार्ड डिस्क बघून बोला.

शहापुरात चाळीस वर्षं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. आता नातवाने लिनक्स घालून दिलंय.

निपाणीची तलफ | दुपारी १२:१५

काका, तुम्ही म्हणाल तसं. 🙏

खानापूरचा पाऊस | रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. चार माइकांचा यूएमसी ४०४ एचडी मोहात पाडतोय. पेटीला एक, पखवाजाला एक, गवयांना दोन. पैसे थोडे वाढवून घेऊ का?

कागवाड फाटा | रात्री ९:१५

नको. भजन म्हणजे बँड नव्हे, एका खोलीत घडणारी गोष्ट आहे ती. दोन माइक एकमेकांजवळ, सतरा सेंटीमीटर अंतर, तोंडं बाहेरच्या बाजूला एकशे दहा अंशांत, आणि मंडळासमोर अडीच-तीन मीटरवर स्टँड. मग कुणाचा आवाज किती, ते बसण्यावरून ठरवायचं. पेटी पुढे, गवई त्याच्या बाजूला, पखवाज थोडा मागे. टाळ सगळ्यात मागे! टाळ पुढे बसले तर बाकी काही ऐकूच येणार नाही. टाळकरी रुसतील, त्यांना चहा जास्त द्या.

चिकोडी ते बेंगळूर | रात्री ९:३२

आणखी एक कारण. ४०४ ला वेगळा ॲडॅप्टर लागतो. २०२ लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो. देवळात लाईट गेली तरी काम चालू राहील. खानापुरात पावसाळ्यात लाईटचं काय असतं ते तुम्हीच सांगा.

खानापूरचा पाऊस | रात्री ९:४०

सांगण्यासारखं काही नाही. २०२ ठरला.

खानापूरचा पाऊस | दहा दिवसांनी, बुधवार, रात्री १०:२५

मंडळी, घोळ झालाय. इंटरफेस आला. खोचला की लगेच ओळखला, आर्डरमध्ये नावही दिसलं. काल देवळात सगळी मंडळी जमवली, दोन तास बसली, आणि आवाज एवढा बारीक आला की गेन पूर्ण फिरवला तरी मीटर तळालाच. वर पाठीमागे सतत "हूंऽऽ" असा आवाज. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की तो बदलतो, आणि हाताला बारीक मुंग्याही येतात.

माल परत करू का? लोक मला विचारतायत, "काय झालं रे तुझ्या डब्याचं?"

निपाणीची तलफ | रात्री १०:३१

स्कार्लेट. मी काही बोलत नाही.

जुना रेडिओ | रात्री १०:५०

परत करू नको. आधी सांग, माइकची केबल कशी आहे? माइकच्या बाजूला तीन पिनांची कॅनन असेल. इंटरफेसच्या बाजूला काय आहे? कॅनन की पी-३८?

खानापूरचा पाऊस | रात्री १०:५४

इंटरफेसच्या बाजूला जाड एकटी पिन. पी-३८ म्हणतात तीच असावी. मंडपवाल्याच्या सगळ्या केबली तशाच आहेत. बसते मात्र बरोबर.

जुना रेडिओ | रात्री ११:२०

बसते हीच तर गंमत आहे. ते भोक नीट बघ, बाहेर गोल तीन छिद्रं आणि मध्ये एक मोठं. दिसायला एक भोक, आत दोन वाटा. तीन छिद्रांत कॅनन घातली तर आवाज माइकच्या प्रीअँपकडे जातो, तिथं खरी वाढ होते. मधल्या भोकात पी-३८ घातली तर तो लाईन नाहीतर गिटारच्या वाटेने जातो. तिथं माइकचा दोन-चार मिलिव्होल्टचा जीव कुणाला ऐकू येणार? मंडपवाल्याच्या मशीनला माइकसाठी पी-३८ चंच भोक असतं, म्हणून त्याच्याकडे त्या केबली तशा. त्याची चूक नाही, तुझीही नाही.

कॅनन टू कॅनन केबल घे, दोन. त्यात हूंऽऽ सुद्धा बराच कमी होईल. तीन तारांपैकी दोन तारांत तोच आवाज एकमेकाच्या उलटा वाहतो, आणि वाटेत शिरलेला गोंगाट इंटरफेसमध्ये वजा होतो. पी-३८ च्या दोन तारांत ती सोय नाही.

आता मुंग्या. देवळातल्या बोर्डात अर्थिंग आहे का? तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या प्लगमध्ये घातलायस का?

खानापूरचा पाऊस | रात्री ११:२६

बोर्डात तीन भोकं आहेत. वरच्या भोकात तार जोडलेलीच नाही, आत्ता पुजाऱ्यांनी उघडून दाखवली. आणि लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालतं, तेव्हा हूंऽऽ चं "झर्रर्र" होतं.

जुना रेडिओ | रात्री ११:४५

रात्री साडेअकराला पुजाऱ्यांना उठवलंस? धन्य.

चार्जरच्या आत गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. त्यांनी गाळलेलं अर्थिंगमधून जमिनीत जायचं असतं. अर्थिंग नाही म्हटल्यावर ते तुझ्या पत्र्यावर येऊन बसतं, म्हणून मुंग्या, आणि तेच माइकच्या वाटेत शिरतं. साध्या इन्व्हर्टरची लाट गोल नसते, चौकोनी असते. तो झर्रर्र तिचा.

उपाय दोन. वायरमनकडून अर्थिंग करून घे, ते देवळासाठीही हवंच. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढ, बॅटरीवर चालव. २०२ यूएसबीवर चालतो, त्यामुळे भिंतीशी संबंधच उरणार नाही. कुणी अर्थची पिन कापून बघ म्हणालं तर ऐकू नकोस. हूं जाईलही, एखाद दिवशी तूही जाशील.

माझ्याकडे एक जुनी कॅनन केबल पडून आहे. दुसरी खडेबाजारात मिळेल. येऊन घेऊन जा.

चिकोडी ते बेंगळूर | गुरुवार, सकाळी ८:४०

काकांना दंडवत. बॅटरीवर चालवताना एक करा: लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसर हळू करतो आणि मग आवाजात टकटक येते, तिला एक्सरन म्हणतात. पॉवर सेटिंग परफॉर्मन्सवर ठेवा, वायफाय बंद करा. इंटरफेस हबमधून नको, थेट लॅपटॉपला खोचा. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे देतो ते, १०२४ ठेवा.

निपाणीची तलफ | सकाळी ९:०५

१०२४? एकवीस मिलिसेकंद! कमीत कमी लेटन्सी (आवाजाला होणारा उशीर) हवी, ६४ ठेव.

चिकोडी ते बेंगळूर | सकाळी ९:२५

कशाला? लेटन्सी तेव्हा बोचते जेव्हा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून पुन्हा वाजवणाऱ्याच्या कानात येतो. तू गिटारिक्स (गिटारचं सॉफ्टवेअर) लावून वाजवतोस तेव्हा, किंवा कीबोर्डवर पियानो. तिथं १२८ चे तीन तुकडे, ४८ किलोहर्ट्झला आठ मिलिसेकंद, एवढं खाली जावं लागतं. पाइपवायर या लिनक्सच्या नव्या आवाज-व्यवस्थेत त्याच बफरला क्वांटम म्हणतात, नाव वेगळं, हिशेब तोच. भजनाच्या वेळी कुणाच्याच कानात हेडफोन नाही. एकवीस काय, शंभर असले तरी फायलीत फरक पडत नाही.

आणि आवाज मिलिसेकंदाला चौतीस सेंटीमीटर जातो. मागे बसलेला टाळकरी पखवाजापासून तीन मीटरवर असेल तर त्याला थाप नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकू येते. पिढ्यान् पिढ्या तो त्या लेटन्सीवर टाळ वाजवतोय.

निपाणीची तलफ | सकाळी ९:२८

😄 हे घेतलं. आता सांग, माझ्या गिटारला १२८ वर पण टकटक येते, ते का?

चिकोडी ते बेंगळूर | सकाळी ९:४०

वेगळा धागा काढ बाबा. (आणि आधी तुझा युजर ऑडिओ ग्रुपमध्ये आहे का बघ.)

खानापूरचा पाऊस | पुढचा सोमवार, रात्री ११:१०

झालं! काकांची केबल, एक नवीन केबल, चार्जर काढलेला. मीटर बघून माझाच विश्वास बसेना. गेन निम्म्यावर, सगळ्यात मोठी थाप उणे बारा डेसिबलपर्यंत. हूं नाही.

टाळ मागे बसवले. रुसले. चहा दिला.

देवळाच्या फरशीवर आवाज फार घुमत होता, म्हणून घराघरातून वाकळी मागवल्या आणि दोरीवर तीन बाजूंनी टांगल्या. कुणाच्या आजीची, कुणाच्या आत्याची. देवळात जणू वाळत घातलेली धुणी. पण घुमणं निम्म्याने कमी झालं. पखवाजवाल्यांनी धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावून सूर बघितला, तेवढं नुसतं रेकॉर्ड केलं. तेच मला सगळ्यात आवडलंय.

आजींकडे काल गेलो. चौंडकं काखेत धरून तात ओढतात तेव्हा आवाज असा सरकतो की कुठला माइक कुठे ठेवावा कळेना. जवळ ठेवला तर तातीचा खर्रकन् आवाज, लांब ठेवला तर पत्र्यावरचा पाऊस. शेवटी एक माइक आजींच्या तोंडासमोर वीतभर, दुसरा चौंडक्याच्या कातड्याकडे तिरका, दोन फुटांवर. कातड्याकडचा तरी लाल दिवा लागला, पॅड दाबल्यावर थांबला. पाऊस आलाच थोडा, येऊ दे.

वडगावची वीणा | रात्री ११:२५

आजींना ऐकवलंस का?

खानापूरचा पाऊस | रात्री ११:३१

ऐकवलं. हेडफोन घालून पहिली दोन कडवी ऐकली आणि म्हणाल्या, "तिसऱ्यात कन्नड ओळ चुकलीय माझी, परत घे." परत घेतलं. आता फायलीची नावं दोन्ही भाषांत लिहायला बसलोय. कन्नड मला बोलता येतं, लिहिताना चुका होतात. कुणी तपासून देईल का?

चिकोडी ते बेंगळूर | रात्री ११:३४

पाठवा. माझी बायको सौंदत्तीची आहे.

कागवाड फाटा | रात्री ११:५०

कणकेची फाईल इथं टाका. आणि मूळ फायली चोवीस बिटच्याच ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर. एमपी३ फक्त व्हॉट्सॲपला.

खानापूरचा पाऊस | मंगळवार, सकाळी ६:४५

टाकतो. काका, तुमची केबल रविवारी शहापूरला आणून देतो.

जुना रेडिओ | सकाळी ७:१०

केबल राहू दे तुझ्याकडे. वायरमन येऊन गेला का ते सांग.

खानापूरचा पाऊस | सकाळी ७:१२

उद्या येतो म्हणालाय. गेल्या गुरुवारपासून.